किसो खोऱ्यातील जुन्या पांथस्थगृहातील मुक्काम : त्सुमागो, मागोमे आणि नाराई

धागाकर्ती : आडवाट

एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो या शहरांना जोडणारे दोन मोठे राजमार्ग तोकुगावा काळात (१६०३ ते १८६८) होते. समुद्राकाठचा तोकाइदो अनेकांना ऐकून माहीत असतो. डोंगरांमधून जाणारा नाकासेन्दो मात्र आपल्याकडच्या प्रवाशांच्या बेतात क्वचितच येतो. सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या या मार्गावर मुक्कामाची ६९ गावे होती आणि त्यांपैकी ११ गावे किसो नदीच्या अरुंद खोऱ्यात होती. एदोकडून मोजत आल्यास ४२वे गाव त्सुमागो. या गावात, एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या एका जुन्या पांथस्थगृहात आम्ही या शरद ऋतूत राहिलो. जाण्यापूर्वी अशा मुक्कामाची सविस्तर माहिती मराठीत शोधली, ती फारशी मिळाली नाही. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी जपानच्या ग्रामीण भागातील जुन्या घरांत मुक्काम केला आहे त्यांनी अवश्य भर घालावी.

माझे मत आरंभीच मांडते. डागडुजी कितीही नेटकी असली तरी घर तेवढ्याने जगत नाही. त्सुमागोतील घरे जगली, कारण तिथली माणसे घर सोडून गेली नाहीत आणि वाटसरूला गरम जेवण व रात्रीपुरती जागा देण्याचे पूर्वापार काम त्यांनी चालू ठेवले. राहायला जाणाऱ्याने एवढे ध्यानात घेतले, तर तिथली थंडी, पातळ भिंती आणि ठरलेल्या वेळीच मिळणारे जेवण यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पार बदलते.

इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १६३५ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, तोकुगावा इएमित्सु याने प्रत्येक दाइम्योला, म्हणजे प्रांताधिपतीला, आळीपाळीने एदोत येऊन राहण्याचे बंधन घातले. त्यामुळे मोठमोठे लवाजमे या मार्गांवरून नियमित जाऊ-येऊ लागले आणि त्यांच्या मुक्कामाची एक काटेकोर व्यवस्था उभी राहिली. दाइम्योंसाठी ‘होन्जिन’, त्याला पूरक असे ‘वाकी-होन्जिन’, सामान्य वाटसरूंसाठी जेवणासह राहण्याची सोय करणारी ‘हातागो’, आणि ज्यांना तेवढेही परवडत नसे त्यांच्यासाठी ‘किचिन-यादो’, जिथे केवळ सरपणाचे पैसे देऊन आपला तांदूळ आपणच शिजवून घ्यायचा. त्सुमागोमध्ये कामी-सागाया नावाचे असे एक किचिन-यादो जतन केलेले आहे. ते अठराव्या शतकाच्या मध्यातील आहे. त्याच्या आत कोणतीही सजावट नाही, आणि दाइम्योंच्या दालनांपेक्षा मी तिथेच अधिक वेळ रेंगाळले, कारण या रस्त्यावरून चालणाऱ्यांपैकी बहुतेकांची रात्र अशाच छपराखाली गेली असणार.

पुढे सरंजामी व्यवस्था संपली आणि १९११ साली नदीच्या काठाने चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला. पायी चालणारा प्रवासीच नाहीसा झाल्यावर मुक्कामाच्या गावाला काम उरले नाही. तरुण शहरांकडे गेले, घरे कलू लागली, आणि नवे बांधायला कोणाकडे पैसा नसल्यामुळे जुनी घरे तशीच उभी राहिली. १९६८ मध्ये, शोगुनांची सत्ता संपून १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी पर्वाच्या शताब्दीच्या निमित्ताने, नागानो प्रांताने गावाच्या जतनाचे काम हाती घेतले. तोक्यो विद्यापीठातील वास्तु-इतिहासकार ओता हिरोतारो यांचे त्याला मार्गदर्शन होते. त्याच वर्षी गावकऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली आणि १९७१ मध्ये सर्वांनी मिळून एक सनद स्वीकारली, जिचे मुख्य सूत्र तीन गोष्टींचे आहे : घर, जमीन वा रान विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. बाहेरचा पैसा येऊन गावाचे केवळ दुकान होऊ नये, ही चिंता त्यामागे होती. पर्यटनातून चार पैसे दिसू लागलेले असताना घरे विकण्याचा आपला हक्क आपणहून बांधून घेणे ही साधी गोष्ट नाही, आणि त्या निर्णयाबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

सरकारी कायदा त्यानंतर आला. सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाचा जपानचा मूळ कायदा १९५० सालचा. १९७५ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन एकेकट्या वास्तूबरोबरच पारंपरिक घरांच्या संपूर्ण समूहालाही संरक्षण देण्याची तरतूद झाली आणि १९७६ मध्ये निवडलेल्या पहिल्या सात ठिकाणांत त्सुमागो होते. विशेष म्हणजे तिथे संरक्षित क्षेत्र सुमारे १,२४५ हेक्टरांचे आहे. घरांच्या रांगेबरोबर भोवतालची शेते, पायवाट आणि डोंगरावरील रानसुद्धा त्यात येते. खिडकीतून दिसणारा डोंगर हा घराचाच भाग मानलेला आहे. विजेच्या तारा मुख्य रस्त्यावरून हलवल्या आहेत आणि दिवसा १० ते ४ या वेळेत मोटारींना तिथे प्रवेश नाही.

आता प्रत्यक्ष घराविषयी. रस्त्याकडील बाजूस वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे आलेला असतो आणि दर्शनी भागावर उभ्या लाकडी पट्ट्यांची दाट जाळी असते. या जाळीतून आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला मात्र आतले सहसा दिसत नाही. आत शिरताच मातीची दाबून घट्ट केलेली जमीन, तिथे पादत्राणे काढायची, मग उंच पायरी चढून लाकडी तक्तपोशीवर यायचे. घराच्या मध्यभागी इरोरी, म्हणजे जमिनीत चौकोनी खोदलेली आगटी. तिच्यावर आढ्यापासून लोंबणारा आकडा आणि त्याला किटली. शेकडो हिवाळ्यांच्या धुराने तुळया काळ्याभोर झालेल्या आहेत. खोल्या तातामीच्या, म्हणजे पेंढ्याच्या जाड चटया अंथरलेल्या, मधल्या भिंती म्हणजे फुसुमा, कागदाने मढवलेले सरकते पडदे. शेजारच्या खोलीतील खोकला ऐकू येतो, त्यामुळे सगळेच हळू बोलतात. दिवसा खोलीत एक ठेंगणे मेज आणि बैठकी, एवढेच सामान. रात्री फुतोन, म्हणजे जमिनीवरची गादी, अंथरले जाते.

रात्रीचे जेवण ६ वाजता, आणि ६ म्हणजे ६. मीठ लावून काडीला टोचलेला, निखाऱ्यावर भाजलेला नदीतील मासा, रानभाज्या, मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, सार, सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, लांब कापलेल्या शेवया, भात आणि लोणची. या खोऱ्यातील ‘सुंकी’ हे लाल सलगमाच्या पानांचे लोणचे जरूर चाखावे. समुद्रापासून दूरच्या या भागात मीठ दुर्मीळ होते, म्हणून ते मिठाशिवाय केवळ आंबवून करतात आणि त्याची आंबट चव पहिल्या घासाला चकित करते. घराची मालकीण स्वतः वाढत होती आणि जेवण संपत आल्यावर तिने या रस्त्याविषयी पाहुण्यांशी बराच वेळ गप्पा केल्या, त्यांतले आम्हाला अर्धेच कळले तरी कोणी उठले नाही.

साधारण खर्च सांगायचा तर अशा लहान कौटुंबिक निवासांत दोन जेवणांसह माणशी १० ते १५ हजार येनांच्या आसपास पडतो. दर खोलीमागे नसून माणशी असतो, हे आखणी करताना लक्षात ठेवावे.


प्रतिसाद : सोनचाफा

आडवाट, फार उपयुक्त लेखन आहे. पुढील वर्षी सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन जपानला जाण्याचा आमचा विचार आहे. आई शुद्ध शाकाहारी आहे, मासेसुद्धा चालत नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात. अशा घरात त्यांना नेणे योग्य ठरेल का? शिवाय स्नानगृह सामायिक असते असे ऐकले आहे, त्याबाबतही कृपया सांगावे.


प्रतिसाद : आडवाट

सोनचाफा, प्रथम जेवणाविषयी स्पष्ट सांगते, कारण शाकाहारी कुटुंबांची सर्वाधिक अडचण इथेच होते. ताटातील मासा बाजूला ठेवून प्रश्न सुटत नाही. मिसोचे सार, शिजवलेल्या भाज्या, सोबाबरोबरचे पातळ द्रव्य या सर्वांचा पाया ‘दाशी’ असतो आणि ती बहुधा कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवून किसलेल्या माशापासून, केलेली असते. त्यामुळे ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे कळवणे पुरेसे होत नाही. मांस नको, मासा नको, माशाची दाशीही नको, अंडे आणि दूध चालते की नाही, हे सारे आरक्षणाच्या वेळीच जपानीत लिहून कळवावे. दोघे-तिघे मिळून चालवत असलेल्या घराला हे जमेलच असे नाही, आणि जमत नसेल तर ते तसे नम्रपणे सांगतात. त्या नकाराचा राग मानू नये. न सांगता तिथे पोहोचून ऐनवेळी मागणी करणे मात्र त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण सकाळपासून त्यांनी मोजून तयारी केलेली असते.

दिवसा खाण्यासाठी ‘गोहेइ-मोची’ मिळते. भात कुटून, काडीवर थापून, अक्रोड, तीळ आणि मिसोचे वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. शरद ऋतूत जवळच्या नाकात्सुगावा शहराकडे ताज्या चेस्टनटची ‘कुरी-किंतोन’ ही मिठाई मिळते. तिच्यात चेस्टनट आणि साखर एवढेच असते. आईंना ती निश्चित आवडेल.

गुडघ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जमिनीवर बसून जेवणे, जमिनीवरून उठणे, उभ्या चढणीचे अरुंद जिने, हे सर्व टाळता येत नाही. काही घरांनी जेवणघरात खुर्च्या ठेवल्या आहेत आणि तळमजल्यावरची खोली मागता येते. दोन्ही गोष्टी आधी विचाराव्यात.

स्नानाविषयी : लहान घरांत एक वा दोन न्हाणीघरे असतात आणि पाहुण्यांना पाळीपाळीने वेळ दिली जाते, त्यामुळे अनोळखी लोकांबरोबर स्नान करावे लागेलच असे नाही. बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे आणि मगच हिनोकी या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाच्या टाकीतील गरम पाण्यात उतरायचे. ते पाणी सर्वांसाठी एकच असते; आपले झाल्यावर सोडून द्यायचे नाही, झाकण ठेवून बाहेर यायचे.


प्रतिसाद : लाकूडकाम

मी नागोयाजवळ राहतो आणि व्यवसायाने वास्तुविशारद आहे, म्हणून दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल थोडी भर घालतो.

जपानमधील महत्त्वाच्या लाकडी वास्तूंची मोठी दुरुस्ती बहुधा संपूर्ण घर सुटे करून होते. प्रत्येक तुळई, खांब आणि फळी क्रमांक घालून उतरवली जाते, मोजून तिची नोंद होते. कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड दिला जातो आणि मग घर पुन्हा उभे केले जाते. हे शक्य होते कारण मूळ सांधे खिळ्यांवर विसंबलेले नसून एकात एक गुंतवलेले असतात. नव्याने घातलेल्या तुकड्यावर दुरुस्तीचे वर्ष उमटवण्याची पद्धत आहे, जेणेकरून पुढच्या पिढीतील सुताराला जुने कोणते आणि आपल्या आधीच्याने बसवलेले कोणते हे कळावे. ही प्रामाणिक नोंद मला या सगळ्या परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्सुमागोत गेलेल्यांनी ‘ओकुया’ हे वाकी-होन्जिन सावकाश पाहावे. सध्याची इमारत १८७७ सालची असून ती हिनोकीची आहे, आणि यात एक मोठा इतिहास आहे. किसोचे रान ओवारी संस्थानाच्या ताब्यात होते आणि हिनोकी, सावारा, नेझुको, आसुनारो व कोयामाकी ही पाच झाडे तोडण्यास सामान्यांना सक्त मनाई होती. एका झाडामागे एक शिर, अशी त्या शिक्षेची ख्याती होती. दारासमोर उत्तम लाकडाचा डोंगर आणि स्वतःचे घर मात्र दुय्यम लाकडाचे, अशी स्थिती या खोऱ्यातील लोकांनी अनेक पिढ्या सोसली. मेइजी काळात ती बंदी उठल्यावर बांधलेल्या घरात हिनोकी इतक्या मुक्तहस्ते का वापरले असेल, हे त्या पार्श्वभूमीवर कळते. हिवाळ्यात तिथल्या इरोरीच्या धुरात जाळीतून येणारे उन्हाचे तिरके पट्टे पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात.

गावातील होन्जिन मात्र जुने नाही. ते जुन्या आराखड्यावरून १९९५ मध्ये पुन्हा उभारलेले आहे. ते पाहू नये असे मी म्हणत नाही, परंतु दुरुस्त केलेले घर आणि नव्याने बांधलेले घर यांतील भेद पाहणाऱ्याने मनात ठेवावा. हाच भेद शेजारच्या मागोमे गावालाही लागू होतो. तिथे १८९५ आणि १९१५ साली मोठ्या आगी लागल्या, त्यामुळे उतारावरचा दगडी रस्ता आणि गावाची रचना जुनी असली तरी घरे बरीच अलीकडची आहेत.


प्रतिसाद : उत्तरायण

चर्चा वाचनीय आहे, तरी आडवाट यांच्या मूळ मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आम्ही उभयता नाराईला राहिलो. ते याच मार्गावरील ३४वे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ९४० मीटर उंचीवर, आणि त्याची जुन्या घरांची रांग जवळपास एक किलोमीटर लांब आहे. तिथे साके तयार करण्याची एक बंद पडलेली जुनी इमारत आणि काही घरे दुरुस्त करून त्यांचे अलीकडे निवास झाले आहेत. आमच्या खोलीतील तुळया जुन्या होत्या, मातीच्या भिंती जुन्या होत्या, पण उष्णतेची व्यवस्था उत्तम होती, स्नानगृह स्वतंत्र होते आणि पलंगही होता. घराचा मालक तिथे राहत नव्हता हे खरे; परंतु ती वास्तू अन्यथा कोसळली असती, आणि आज तिथे तरुण मुले-मुली नोकरीला आहेत. घरातच राहणारे कुटुंब हवे, अशी अट घातली तर ज्यांचे वारस गाव सोडून गेले त्या घरांचे काय करायचे? पाहुण्याने थंडीत कुडकुडणे हे वारशाबद्दलच्या आदराचे प्रमाण मानू नये, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.


प्रतिसाद : लाकूडकाम

उत्तरायण यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. २०२३ च्या शासकीय गृहपाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. देशातील एकूण घरांच्या १३.८ टक्के. अनेक घरांच्या बाबतीत आजोबांच्या नावावरची मालकी पुढे कोणी नोंदवलेलीच नाही, त्यामुळे दुरुस्तीला संमती कोणाची घ्यायची हेच कळत नाही. या कारणाने एप्रिल २०२४ पासून वारशाने आलेल्या स्थावराची नोंदणी सक्तीची करण्यात आली. ‘विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही’ हा त्सुमागोचा निर्धार १९७१ मध्ये अत्यंत दूरदर्शी होता, पण तो घरात पुढची पिढी असेल असे गृहीत धरून केलेला होता.

मधला मार्गही आहे. ह्योगो प्रांतातील ताम्बा-सासायामाजवळ मारुयामा नावाची वाडी आहे. तिथे १२ घरांपैकी ७ रिकामी झाली होती. त्यांतील काही दुरुस्त करून २००९ मध्ये निवास सुरू झाला आणि तो चालवण्यात वाडीतील उरलेली कुटुंबेच सहभागी झाली. घराचा मालक तिथे नाही, परंतु सकाळची न्याहारी शेजारच्या घरातील बाईंच्या हातची असते. मला वाटते, आडवाट ज्याला घराचे जगणे म्हणतात ते एका कुटुंबापुरते न मानता वाडीपुरते मानले, तर दोघांचे म्हणणे जुळू शकते.


प्रतिसाद : आडवाट

उत्तरायण, आपल्या प्रतिसादाने विचार करायला लावले. रिकाम्या घराचे निवासात रूपांतर करण्याला माझा विरोध नाही. माझा आग्रह एवढाच की निर्णय कोणी घेतला हे पाहावे. मारुयामात तो तिथे राहणाऱ्यांनी घेतला, त्सुमागोतही त्यांनीच घेतला. बाहेरच्या भांडवलाने घर सुंदर होते, परंतु तोट्याची दोन-तीन वर्षे आली की ते भांडवल निघून जाऊ शकते. शेजाऱ्याला निघून जाता येत नाही.

उष्णतेच्या सोयींबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. शिकोकू बेटावरील इया खोऱ्यातील ‘चिइओरी’ हे गवताने शाकारलेले शेतकरी घर अमेरिकी लेखक अलेक्स कर यांनी १९७३ मध्ये विकत घेतले. २०१२ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा काळ्या लाकडी तक्तपोशीखाली उष्णतेची व्यवस्था बसवण्यात आली. वर तीच तक्तपोशी, तीच आगटी आणि तेच छप्पर. घराच्या रूपाला धक्का न लावता हे करता येते, आणि करावेच. वृद्ध मालकांनाही त्याच थंडीत राहावे लागते, हे आपण पाहुणे सोयीस्करपणे विसरतो.


प्रतिसाद : हिमवाट

गिफु प्रांतातील शिराकावा-गो येथील ओगीमाची गावात गाश्शो पद्धतीच्या घरात आम्ही राहिलो होतो, त्याविषयी थोडे लिहितो. तीव्र उताराची, गवताची जाडजूड छपरे असलेली ही घरे जोडलेल्या हातांप्रमाणे दिसतात. ओगीमाची आणि शेजारच्या गोकायामातील दोन गावे १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. दिवसभर तिथे प्रचंड गर्दी असते. पर्यटकांच्या बसगाड्या परतल्यानंतर गाव गावासारखे होते, आणि मुक्काम करणाऱ्यालाच ते अनुभवता येते.

तिथे सर्वांत मोठी भीती आगीची. गवताच्या छपरांवर पाणी उडवणाऱ्या तोट्या गावभर बसवलेल्या आहेत आणि गावकरी पाळीपाळीने दररोज आगीविषयी सावध करणारी फेरी काढतात. पाहुण्यांनाही घराच्या आवारात सिगारेट, मेणबत्ती, फटाके यांबाबत कडक सूचना असतात. छप्पर काही दशकांनी बदलावे लागते आणि ते काम ‘युइ’ या परस्पर-श्रमाच्या प्रथेने सारे गाव मिळून करते. इरोरीतील धूर छपरातील गवत आणि दोर कोरडे ठेवतो व किडीपासून वाचवतो. माणसे निघून गेलेल्या घराचे छप्पर लवकर खराब होते ते यामुळेच. आडवाट यांच्या मूळ मुद्द्याला हा अगदी शब्दशः आधार आहे.


प्रतिसाद : सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही आता असे ठरवत आहोत की आई-बाबांसह नाराईला पलंग आणि स्वतंत्र स्नानगृह असलेल्या ठिकाणी राहावे आणि त्सुमागो दिवसा पाहून घ्यावे. नंतर ते नागोयात माझ्या भावाकडे थांबतील, तेव्हा आम्ही दोघे त्सुमागोत मुक्काम करू. मागोमे ते त्सुमागो पायी जाण्याची आमची इच्छा आहे. वाट कितपत अवघड आहे? सामान कसे न्यावे? आणि अस्वलांची भीती खरोखर आहे का?


प्रतिसाद : आडवाट

बेत चांगला आहे. नागोयाहून ‘शिनानो’ या जलद गाडीने नाकात्सुगावा सुमारे ५० मिनिटांवर आहे, तिथून मागोमेला बस जाते. वाट जवळपास ८ किलोमीटरांची आहे. मागोमे सुमारे ६०० मीटर उंचीवर, खिंड सुमारे ८०० मीटरवर आणि त्सुमागो साधारण ४२० मीटरवर आहे, म्हणून मागोमेकडून निघाल्यास चढ कमी आणि उतार जास्त पडतो. रमतगमत तीन तास धरावेत. काही ठिकाणी जुनी दगडी फरसबंदी आहे; पावसात ती निसरडी होते, तेव्हा चांगल्या तळव्याचे बूट हवेत. खिंड उतरल्यावर वाटेत एक जुने विसाव्याचे घर लागते, जिथे स्थानिक मंडळी चालणाऱ्यांना चहा देतात. चहा विनामूल्य असतो, तरी तिथल्या पेटीत आपण काही ठेवावे. पुढे ओदाकी आणि मेदाकी हे दोन लहान धबधबे आहेत.

अस्वले त्या रानात आहेत. वाटेवर ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत, त्या जोरात वाजवत जावे, आणि अंधार पडण्यापूर्वी वाट संपेल अशा बेताने निघावे. सामानासाठी दोन्ही गावांच्या पर्यटक माहिती केंद्रांत सोय आहे : सकाळी एका गावात द्यावे, दुपारी दुसऱ्या गावात घ्यावे. ही सोय हिवाळ्यात नसते, म्हणून तारखा आधी तपासून घ्याव्यात.


प्रतिसाद : उत्तरायण

सोनचाफा, आणखी दोन सूचना. अशा घरांत ५ वाजण्यापूर्वी पोहोचणे अपेक्षित असते. उशीर होणार असेल तर दूरध्वनी करून कळवावे, कारण स्नानाच्या पाळ्या आणि जेवण त्यावर अवलंबून असते. पैसे रोख ठेवावेत, अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही.

दुसरे असे की त्सुमागोत दरवर्षी २३ नोव्हेंबरला एदोकालीन वेशातील वाटसरूंची मिरवणूक निघते. पाने लाल झालेली असतात आणि दृश्य फार सुंदर असते, परंतु त्या सुमारास खोल्या अनेक महिने आधीच भरतात. तुम्हाला ती तारीख साधायची असेल तर आईंच्या आहाराचा प्रश्न त्या मुक्कामात येणार नाही, त्यामुळे घर निवडायला अधिक वाव राहील. चौकशी मात्र उन्हाळ्यातच सुरू करा.